दुबईत फ्लॅट घेण्याआधी: फेमा, टायटल डीड आणि मीरास

पूर्वी गल्फला गेलेला माणूस आधी गावी बंगला बांधायचा, मग मुंब्रा-कौसा नाहीतर मीरा रोडला फ्लॅट बघायचा. आता लग्नकार्यात भेटलं की वेगळंच ऐकू येतं. "दुबईला एक स्टुडिओ घेऊन ठेवलाय. सुट्टीत मुलांना घेऊन जातो, बाकी वेळ भाड्याने." कुवेत, कतार, सौदीत नोकरी करणारेही घर मात्र दुबईत घेतात. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत बिल्डरांची प्रदर्शनं भरतात, तिथे गल्फला कधी न गेलेले आपले दुकानदार, डॉक्टरही बुकिंग करून येतात. घर घेणं चांगलंच आहे. पण बुकिंगच्या टेबलावर व्ह्यू, भाडं आणि व्हिसा यांबद्दल जितकं बोललं जातं, त्याच्या निम्मंही कायद्याबद्दल बोललं जात नाही. आणि मालक वारल्यावर त्या घराचं काय होणार, हे तर कुणीच विचारत नाही.

पहिली गोष्ट, दुबईत परदेशी माणसाला कुठेही घर घेता येत नाही. २००६च्या कायदा क्रमांक ७ प्रमाणे ठरवून दिलेल्या भागांतच परदेशी माणसाला कायम मालकी, म्हणजे फ्रीहोल्ड, किंवा ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मिळतो. दुबई मरीना, डाउनटाउन, पाम जुमेरा, जुमेरा व्हिलेज सर्कल, इंटरनॅशनल सिटी हे असे भाग. देरा आणि बर दुबईच्या जुन्या वस्त्यांत, जिथे आपली माणसं वर्षानुवर्षं राहतात, तिथे बहुतेक ठिकाणी ही मुभा नाही. त्यामुळे "स्थानिक अरबाच्या नावावर घेऊ, आपल्यात वेगळा करार करू" असं कुणी सुचवलं तर तिथूनच उठावं. असा करार कोर्टात टिकेल याची कसलीच खात्री नाही. शारजा, अजमान, रास अल खैमा, अबुधाबी यांचे नियम पुन्हा वेगवेगळे आहेत; दुबईचा नियम तिथे चालवू नये.

मक्का-मदिनेबद्दलही बरेच जण विचारतात. सौदीने जुलै २०२५ मध्ये परदेशी लोकांच्या मालमत्तेचा नवा कायदा मंजूर केला, तो जानेवारी २०२६ पासून लागू आहे. त्यात या दोन शहरांत परदेशी व्यक्तींपैकी फक्त मुसलमानांना मालकीची वाट ठेवली आहे, तीही ठरवून दिलेल्या हद्दीत. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मात्र भारतातून पैसे पाठवण्याचे जे नियम पुढे दिलेत, ते तिथेही तसेच लागतात.

कागद कोणता बघायचा

तयार फ्लॅट असेल तर दुबई लँड डिपार्टमेंटचं टायटल डीड हाच मालकीचा पुरावा. बांधकाम चालू असेल तर टायटल डीड नसतं. त्याऐवजी तात्पुरत्या नोंदवहीत नोंद होते, तिला तिकडे ऊकूद म्हणतात. बिल्डरने दिलेली पावती किंवा बुकिंग फॉर्म म्हणजे ऊकूद नव्हे. ती नोंद झाल्याशिवाय तुम्ही कायद्याच्या नजरेत खरेदीदारच नाही. नोंदणी फी किमतीच्या ४ टक्के. कायद्यात ती दोघांत वाटायची आहे, पण व्यवहारात बहुधा सगळी खरेदीदाराच्याच अंगावर येते. जुना फ्लॅट एजंटमार्फत घेतला तर साधारण २ टक्के दलाली आणि त्यावर व्हॅट धरून चाला.

२००७च्या कायदा क्रमांक ८ ने बिल्डरला प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळं एस्क्रो खातं उघडणं बंधनकारक केलंय. खरेदीदारांचे पैसे त्या खात्यातच जायला हवेत आणि बांधकाम जसं पुढे सरकेल तसेच ते बिल्डरला मिळतात. म्हणून चेक किंवा ट्रान्सफर करताना खात्याचं नाव नीट वाचा. ते त्या प्रकल्पाच्या एस्क्रोचं असलं पाहिजे. एजंटचं, "ग्रुप कंपनी"चं, किंवा मुंबईतल्या कुणाचं नको. प्रकल्प नोंदलेला आहे का, काम किती झालंय, हे लँड डिपार्टमेंटच्या दुबई रेस्ट ॲपवर घरबसल्या दिसतं.

हप्ते थकले तर काय होतं, तेही आधीच माहीत असावं. लँड डिपार्टमेंटमार्फत ३० दिवसांची नोटीस येते. त्यानंतरही पैसे भरले नाहीत तर बिल्डर करार रद्द करू शकतो, आणि काम ६० टक्क्यांच्या खाली असलं तरी करारातल्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो. काम त्याच्या पुढे गेलं असेल तर ४० टक्क्यांपर्यंत. हे टक्के तुम्ही भरलेल्या पैशांवर नसतात, पूर्ण किमतीवर असतात. म्हणजे २० टक्के भरून थांबलात तर सगळे गेले असं समजा. "महिन्याला फक्त एक टक्का" असल्या योजना ऐकायला सोप्या वाटतात, पण गल्फची नोकरी कधी जाईल त्याचा भरवसा कुणाला असतो?

आणि घर घेतलं म्हणजे देशात जायचा-राहायचा हक्क मिळाला, असंही नाही. सुट्टीला जाताना व्हिसा लागतोच. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी मालमत्ता किमान २० लाख दिरहमची लागते. स्टुडिओवर तो मिळत नाही. पाहुण्यांना रोजाच्या हिशोबाने भाड्याने द्यायचं तर दुबईच्या पर्यटन खात्याचं हॉलिडे होम परमिट काढावं लागतं, ते नसेल तर दंड. सर्व्हिस चार्जही वर्षाला येतो. समजा चौरस फुटाला १५ दिरहम आणि फ्लॅट ७०० फुटांचा, तर १०,५०० दिरहम झाले, तुम्ही तिथे एक रात्र राहा नाहीतर राहू नका. तो थकला तर पुढे विकताना बिल्डरचं ना-हरकत पत्र अडतं.

पैसा कुठून, कसा

इथे दोन प्रकारची माणसं आहेत आणि दोघांचा कायदा वेगळा आहे. लोक गफलत करतात ती इथेच.

जो गल्फमध्ये नोकरीला आहे, अनिवासी आहे, आणि तिकडच्या पगारातून तिकडे घर घेतो, त्याला रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेचा प्रश्न येत नाही. फेमा कायद्याचं कलम ६(४) त्याच्यासाठी मोठी सोय आहे. परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता तो कायमचा भारतात परतल्यानंतरही ठेवू शकतो, विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो. अशा माणसाकडून वारशाने मिळालेली मालमत्ता भारतात राहणाऱ्या वारसालाही ठेवता येते. फक्त घर परदेशात असताना, परदेशातल्या कमाईतून घेतलं, हे दाखवणारे कागद लागतात. पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, इकामा किंवा रेसिडेन्स व्हिसाच्या प्रती. परतताना लोक सोनं आणि टीव्ही जपून आणतात, या फायली तिथेच टाकून येतात. पंधरा वर्षांनी नोटीस आली तर बँकही जुनं स्टेटमेंट देत नाही.

जो भारतात राहतो त्याने मात्र लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे एलआरएसमधूनच पैसे पाठवायचे. एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर. बँकेत ए-टू फॉर्म, पॅन, आणि पैसे कशासाठी पाठवतोय ते कारण खरं लिहायचं. घरासाठी पाठवताना "नातेवाइकाचा खर्च" असं लिहू नये. नवरा-बायको दोघांची मर्यादा एकत्र वापरता येते, पण मग टायटल डीडवर दोघांचं नाव घाला. बायकोच्या खात्यातून पैसे गेले आणि मालक एकटा नवरा, असं करू नका.

यावर बँक टीसीएस कापते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्याच्या वरच्या रकमेवर २० टक्के. १ कोटी पाठवले तर ९० लाखांवर १८ लाख. हा जादा कर नाही, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर १८ लाख अडकून राहतात आणि प्रदर्शनातला सेल्समन हा आकडा सांगत नाही. घराचं बजेट करताना ही रक्कम वेगळी ठेवलीच पाहिजे.

कर्जाचंही बघा. एलआरएसमधून घरासाठी पैसे पाठवायला भारतातली बँक कर्ज देऊ शकत नाही, रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. व्याजाचा मसला आपल्याकडे आहेच, इथे कायद्यानेच दार बंद केलंय. बिल्डरची बिनव्याजी हप्त्यांची योजना म्हणून अनेकांना हलाल आणि सोपी दोन्ही वाटते. ताबा मिळेपर्यंतचे हप्ते एलआरएसमधून वेळेवर जात असतील तर ठीक. पण ताबा घेतल्यावरही तीन-चार वर्षं हप्ते चालणार असतील, तर घर तुमचं झालं आणि परदेशी कंपनीचं देणं तुमच्यावर राहिलं. याला परदेशातून घेतलेलं कर्ज म्हटलं जाऊ शकतं, आणि त्याचे नियम फार कडक आहेत. भारतात राहणाऱ्याने अशी योजना सीएला करार दाखवल्याशिवाय घेऊ नये. क्रेडिट कार्डवर बुकिंगची रक्कम तर भरूच नका.

राहिली हवाला. "इथे रोख द्या, तिकडे दिरहम जमा होतील, टीसीएसही वाचेल." हे वाक्य मी एका शिकलेल्या माणसाच्या तोंडून, अगदी सहज, ऐकलंय. फेमाच्या कलम ३ प्रमाणे अधिकृत बँक किंवा डीलर सोडून असा व्यवहार करणंच बेकायदा आहे. कलम १३ खाली रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होतो, आणि कलम ३७ए प्रमाणे दुबईतल्या घराच्या किमतीइतकी तुमची भारतातली मालमत्ता जप्त होऊ शकते. म्हणजे स्टुडिओपायी गावचं घर. आपल्या समाजातल्या माणसावर अशी केस झाली की पेपरात कोणत्या रंगाची बातमी येते, ते वेगळं सांगायला नको.

इन्कम टॅक्सच्या बाबतीत थोडक्यात. भारतात निवासी आणि सामान्यतः निवासी असलेल्याने दरवर्षी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए भरून घर दाखवायचंच, भाडं असो वा नसो. सोपा आयटीआर-१ चालत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये भरलेले पैसेही लिहिलेले बरे. दाखवलं नाही तर २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट दिलीय, पण घर-जमिनीला ती नाही. दुबईत भाड्यावर वैयक्तिक कर नसला तरी इथे निवासी असाल तर ते भाडं तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. गल्फहून नुकतेच परतलेल्यांना दोन-तीन वर्षं थोडी सवलत असते, कारण मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असलेला माणूस लगेच "सामान्यतः निवासी" होत नाही. ही वर्षं कोणती, ते परतल्याबरोबर सीएकडून लिहून घ्या.

मालक वारल्यावर

आपल्यापैकी बरेच जण म्हणतात, दुबई मुस्लिम मुल्क, आपण मुसलमान, शरियतप्रमाणे आपोआप होईल. शरियतप्रमाणेच होईल, पण आपोआप काही होत नाही. आणि शरियतप्रमाणे होणं म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणी कागदावर मांडून बघितलेलं नसतं.

समजा फ्लॅट ८० लाखांचा. माणूस वारला, आईवडील आधीच गेलेले, मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. कर्ज आणि वसीयत काही नाही. बायकोला आठवा हिस्सा, १० लाख. उरलेल्या ७० मधून मुलाला ३५, मुलींना प्रत्येकी साडेसतरा. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं.

आता मुलगा नाही असं धरा. फ्लॅट ९६ लाखांचा, मागे बायको, दोन मुली आणि मरहूमचा एक सख्खा भाऊ. बायकोला आठवा, १२ लाख. दोन मुलींना मिळून दोन-तृतीयांश, ६४ लाख. उरले २० लाख, ते भावाचे. भाऊ चांगला असेल तर तो सोडूनही देईल. पण सही त्याचीही लागणार, आणि तो वारला असेल तर त्याच्या मुलांची. ज्या घराला बायको "आमचं दुबईचं घर" म्हणत होती, त्यात दीर भागीदार झाला. हा त्याचा हक्क आहे, त्यात गैर काही नाही. पण हे तिला कफन-दफन झाल्यावर कळू नये.

दोघांच्या नावावर घेतलं तर? भारतात बँक खात्याला "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असतं, तसं तिथे गृहीत धरू नका. नवरा-बायको निम्मे-निम्मे मालक असतील तर नवऱ्याचा निम्मा भाग त्याच्या सगळ्या वारसांत वाटला जातो. बायकोचा निम्मा मात्र तिचाच राहतो. म्हणून बायकोचं नाव घालणं फायद्याचंच आहे. घरात तिचे दागिने किंवा मेहरचे पैसे घातले असतील तर नाव घालणं हा तिचा हक्कच आहे.

वसीयतीने सगळं बायकोला लिहून देऊ, असंही चालत नाही. वसीयत एक-तृतीयांशापर्यंतच, आणि जो वारस आहे त्याच्यासाठी केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या मंजुरीशिवाय चालत नाही. एजंट लोक डीआयएफसीची वसीयत विकतात, ती सोय बिगरमुस्लिमांसाठी आहे. पैसे घालवू नका. "भारतीय कायदा लावा" म्हणूनही फरक पडत नाही, कारण १९३७च्या शरियत कायद्याप्रमाणे इथेही तेच हिस्से. गोव्याच्या मुसलमानांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे तो कायदा लागू नाही, गोव्याचाच वारसा कायदा चालतो. गावच्या घराला एक हिशोब आणि दुबईच्या फ्लॅटला दुसरा, असं त्यांच्या घरात होऊ शकतं. त्यांनी दोन्हीकडचा वकील गाठावा.

मग हातात काय उरतं? हयातीतला हिबा. दुबईत बायको, मुलं किंवा आईवडील यांच्या नावे फ्लॅट बक्षीस म्हणून करायचा तर नोंदणी फी ४ टक्के नसून किमतीच्या ०.१२५ टक्के आहे. फेमातही भारतात राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या भारतवासीयाने कायदेशीर घेतलेली परदेशी मालमत्ता बक्षीस म्हणून घेता येते. पण हिबा म्हणजे खरोखर देणं. कागद तिच्या नावाचा आणि भाडं याच्या खात्यात, किल्ली याच्या खिशात, असा हिबा उद्या आव्हान दिलं की डळमळतो. शेवटच्या आजारात केलेला हिबाही पूर्ण धरला जात नाही, त्याला वसीयतीसारखीच एक-तृतीयांशाची मर्यादा पडते. आणि सगळं एका मुलाला देऊन मुलींना बाजूला ठेवायला हिबा वापरू नये. मुलांमध्ये इन्साफ ठेवायचा आहे. आपल्या भागात मुलींकडून "मी हक्क सोडला" अशी सही घ्यायची रीत आहे, ती दुबईपर्यंत नेऊ नका.

एक-तृतीयांश वसीयतीचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. मुलगा बापाच्या आधी वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असेल, तर त्या मेलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मीरासमध्ये आपल्याकडे हिस्सा मिळत नाही. आजोबांनी त्यांच्यासाठी वसीयत करून ठेवली तर मिळतो. तसंच वारस अज्ञान असतील तर त्यांच्या मालमत्तेचा वली आई आपोआप होत नाही. तिला वसी म्हणून लेखी नेमून ठेवलं नाही, तर प्रत्येक सहीसाठी तिने कोर्टात जायचं. वसीयत तिथे अरबीत नोंदवून ठेवलेली बरी.

वसीयत असो-नसो, दुबई कोर्टाने वारस ठरवल्याशिवाय फ्लॅट विकता येत नाही, आणि मरहूमचं तिथलं बँक खातंही तोवर गोठलेलं असतं. भारतातून मृत्यूचा दाखला, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि वारसांचा कागद न्यावा लागतो. मंत्रालयात गृह विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतला यूएईचा वाणिज्य दूतावास, मग तिकडचं परराष्ट्र खातं, आणि अरबी भाषांतर. मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, पाठवायचं तरी हीच फेरी. आणि मालक वारला की ते मुखत्यारपत्रही संपतं, हे लक्षात असू द्या.

शाळेत असल्यामुळे या कागदांतली एक अडचण मी रोज पाहते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "महमद", आधारवर "मोहम्मद", पासपोर्टवर "मोहम्मेद". बायकोचं नाव उर्दू निकाहनाम्यात माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव एक, टायटल डीडवर दुसरं. गावात सगळ्यांना माहीत असतं की माणूस एकच आहे. दुबईच्या कोर्टातल्या क्लार्कला ते माहीत नसतं, त्याला प्रत्येक फरकासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यावर पुन्हा तेच सगळे शिक्के. म्हणून बुकिंगचा चेक लिहिण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट, जन्मदाखले आणि निकाहनामा एका टेबलावर मांडा. नावं जुळत नसतील तर आधी दुरुस्ती करून घ्या, गॅझेट करावं लागलं तरी करा, आणि पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच टायटल डीडवर घाला. शाळेच्या दाखल्यातली दुरुस्ती मूल शाळेत शिकत असेपर्यंत सोपी असते. एकदा दाखला काढून नेला की आम्हा शिक्षकांच्या हातात फारसं काही राहत नाही.